सोडा म्हणजे कोणता सोडा?
यंत्राची सफाई वेगळी, भांड्यांची सफाई वेगळी

आमच्या मालेगावात माग आणि चूल यांच्यामध्ये बहुधा एक भिंतच असते. भिंतीच्या अलीकडे लूम खडखडत असतात, पलीकडे बेकरीची भट्टी पेटलेली असते. समोर सायझिंगचा माल उतरत असतो आणि शेजारच्या बोळात लग्नाच्या देगा भाड्याने देणाऱ्याचे दुकान असते. मागावर काम करणारा मुलगा संध्याकाळी काकाच्या हॉटेलात भांडी घासतो. या वस्तीत यंत्र धुण्याची वस्तू भांड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. ती पोहोचली तर काय होते, हे आम्ही स्वतःच्या घरच्या कार्यात पाहिले आहे. म्हणूनच हा लेख.

२००९ साली आमच्या पुतण्याचे लग्न होते. त्या दिवसांत आम्ही कोऱ्या कापडाचा थोडा माल स्वतःच उकळून, ब्लीच करून विकत असू. त्यासाठी पेढीच्या मागच्या खोलीत कॉस्टिक सोड्याच्या पापुद्र्यांची गोणी असे. गोणीला ओल लागू नये म्हणून थोडा थोडा माल आम्ही वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत काढून ठेवत असू. तशाच एका डब्यात धुण्याचा सोडाही असे. दोन्ही पांढरे, दोन्ही डबे पिवळे, आणि नाव एकावरही लिहिलेले नव्हते. कोणत्या डब्यात काय आहे ते आम्हांला पाठ होते, तेवढे पुरे असे आम्ही समजत होतो.

जेवणाच्या सकाळी बावर्चीने निरोप पाठवला, "शेठ, अॅल्युमिनियमच्या पतेल्यांचा चिकटपणा जात नाही, थोडा सोडा मिळेल का?" आम्ही पाहुण्यांत गुंतलेले. पेढीवरच्या पोराला सांगितले, "आत डब्यात आहे, नेऊन दे." त्याने नेला, तो दुसरा डबा. बावर्चीच्या हाताखालच्या मुलाने मूठभर पापुद्रे पतेल्यात टाकून वर गरम पाणी ओतले. पाणी उसळून त्याच्या दोन्ही हातांवर आले. पतेले खळखळून फेसाळले आणि आतून काळे पडले. त्याने हात फडक्याला पुसले. कोणी त्यावर टूथपेस्ट लावली, कोणी लिंबू चोळले. साधे पाणी मात्र कोणीही ओतले नाही.

त्याच पाण्याचा बोळा त्याआधी दोन पतेल्यांतून फिरला होता आणि त्यांत यखनी चढलेली होती. बावर्चीने सवयीप्रमाणे चव घेतली आणि लगेच थुंकून टाकली. त्याची जीभ चरचरली होती. दोन्ही पतेली ओतून द्यावी लागली. पाहुण्यांना जेवण दोन तास उशिरा मिळाले, त्याचे विशेष नाही. त्या मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे आजही सरळ होत नाहीत. चूक त्याची नव्हती, बावर्चीची नव्हती, आमच्या पोराचीही नव्हती. डब्यावर नाव आम्ही लिहिले नव्हते.

तीन सोडे, तिन्ही पांढरे

आपल्या बाजारात 'सोडा' या एकाच नावाने तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिला खाण्याचा सोडा. तो नानखटाईत पडतो, चणे शिजवताना पडतो. दुसरा धुण्याचा सोडा. तो कपड्यांना चालतो आणि ओशट भांड्यांनाही चालतो, मात्र अॅल्युमिनियमला नाही, आणि नंतर भांडे भरपूर पाण्याने धुतले पाहिजे. तिसरा कॉस्टिक. तो कापड उकळायला, साबण बनवायला, लोखंडावरील जुने ग्रीस काढायला वापरतात.

क्षारता मोजण्याच्या पीएच या मापात शुद्ध पाणी ७ वर असते. खाण्याचा सोडा ८ च्या आसपास, धुण्याचा सोडा ११ च्या आसपास आणि कॉस्टिक १३ ते १४ वर. ऐकायला हे आकडे जवळचे वाटतात. परंतु या मापात एक अंक वाढला म्हणजे तीव्रता दहापट वाढते. अर्थात खाण्याच्या सोड्यापेक्षा कॉस्टिक सुमारे लाखपट तीव्र झाला. तो चरबीचा साबण करतो, आणि माणसाच्या कातडीतही चरबीच असते. पहिल्या क्षणी आग होत नाही, बोटे नुसती बुळबुळीत लागतात. तोवर काम खोलवर गेलेले असते.

सबब 'सोडा आण' असा निरोप कोणीही देऊ नये. खाण्याचा, धुण्याचा की कॉस्टिक, ते नाव घेऊन सांगावे.

यंत्राला काय चालते

यंत्राचा मळ म्हणजे तेल, ग्रीस, कापसाची तूस आणि कांजीचे थर. तो काढणारी वस्तू तीव्र असली तरी चालते, कारण यंत्राला कोणी जीभ लावत नाही. लोखंडी सुटे भाग घासलेटात भिजवून ब्रशने घासणे ही जॉबर लोकांची जुनी रीत आहे आणि ती ठीक आहे. मात्र आसपास विडी, शेगडी किंवा उघडी वायर नसावी, कारण घासलेटात भिजलेली तूस वातीसारखी पेटते. पेट्रोल तर या कामाला वापरूच नये.

जाड ग्रीस असेल तर कॉस्टिकचे पाणी लोखंडाला चालते. परंतु तेच पाणी अॅल्युमिनियम, जस्त आणि कथील यांना खाते. अॅल्युमिनियमवर पडले की हायड्रोजन वायू सुटतो, आणि तो पेट घेणारा असतो. आमच्या पतेल्यात जे खळखळले ते तेच. पुष्कळ मोटारींचे कवच अॅल्युमिनियमचे असते, हे ध्यानात ठेवावे. कॉस्टिक विरघळवताना आधी थंड पाणी घ्यावे आणि त्यात थोडा थोडा कॉस्टिक सोडावा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. धुतलेला भाग लगेच सुकवून त्याला तेलाचा हात द्यावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज चढतो.

उलट बाजूही सांगायला हवी. भांड्यांना चालणारे ब्लीचचे पाणी यंत्राला चालत नाही. फणीवर ते लागले तर गंज धरतो, तो गंज कापडावर उतरतो आणि पूर्ण तागा डागी निघतो. अॅसिडने गंज काढणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. आज चकचकीत, परवा पहिल्यापेक्षा जास्त गंजलेले. म्हणजे प्रश्न निव्वळ सौम्य-तीव्र असा नाही. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे.

भांडे कोणत्या धातूचे?

भांड्याच्या बाबतीत पहिला सवाल धातूचा. स्टीलला साबण, गरम पाणी आणि काथ्या पुरतो. संडास-बाथरूमचे अॅसिड स्टीलला लावले तर त्यावर बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत मळ व जंतू कायमचे घर करतात. अॅल्युमिनियमला आंबट आणि तीव्र खार दोन्ही सोसत नाहीत. त्याला भांड्यांचा साबण आणि पाणी, बस.

तांब्याच्या देगेची गोष्ट निराळी आहे. तिच्या आतील पांढरा थर कथलाचा असतो. कलईगर तो नवसागर टाकून तापल्या भांड्यावर चढवतो. कथील २३२ अंशांवर वितळते, त्यामुळे रिकामी देग आचेवर राहिली तरी कलई खाली ओघळते. हा थर कॉस्टिकने विरघळतो, अॅसिडने झिजतो, लोखंडी किसाने खरवडला जातो. कलई गेली की दही, टोमॅटो, चिंच यांचा तांब्याशी थेट संबंध येतो आणि अन्न विषारी होते. म्हणून चिंच-मीठ लावून चमकवायचे ते बाहेरून. आतून राख किंवा साबण, मऊ काथ्या आणि पाणी. कलई करणाऱ्या आपल्या बांधवांना एक विनंती. स्वस्तात पडते म्हणून शिसे मिसळलेले कथील घेऊ नये. शिसे डोळ्यांना दिसत नाही, परंतु मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो.

आधी साबण, मग औषध

बरेच हॉटेलवाले आणि खाटीक बांधव ओट्यावर फिनेल मारतात आणि सफाई झाली असे मानतात. फिनेल फरशीचे औषध आहे. मांस कापण्याचा ठोकळा, कणकेची परात, सुरी यांवर ते कदापि लावू नये. कपड्यांच्या साबण पावडरीत चमक आणणारी द्रव्ये आणि अत्तरे असतात, ती कपड्यांसाठी असतात. तीही भांड्यांना नको.

रीत सोपी आहे. प्रथम उरलेले अन्न खरवडून काढावे. मग भांड्यांच्या साबणाने आणि शक्य तर गरम पाण्याने घासावे. मग स्वच्छ पाण्याने धुवावे. जंतू मारण्याची पाळी यानंतर येते, कारण ओशटपणा शिल्लक असताना ब्लीच टाकले तर त्याची ताकद चरबीवर आणि अन्नाच्या कणांवरच खर्च होते.

ब्लीचचे प्रमाण असे धरावे. बाजारात घरगुती सोडियम हायपोक्लोराइट सुमारे ४ टक्क्यांचे मिळते. ते एक लिटर थंड पाण्यात ५ मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा टाकले की दहा लाख भागांत २०० भाग क्लोरीन होतो. अन्नाचा स्पर्श होणाऱ्या पृष्ठभागाला तेवढा पुरतो. दहा लिटरच्या बादलीला ५० मिलिलिटर. दोन मिनिटे राहू द्यावे, मग निथळून हवेत सुकवावे, फडक्याने पुसू नये. हे पाणी रोज ताजे करावे. जास्त टाकल्याने जास्त सफाई होत नाही, उलट स्टील खराब होते. अॅल्युमिनियम आणि कलईच्या भांड्यांना ब्लीचऐवजी उकळते पाणी द्यावे. वासाचे किंवा साबण मिसळलेले ब्लीच या कामाला घेऊ नये.

येथे कापडवाल्यांनी विशेष सावध राहावे. प्रोसेसच्या कामाचे हायपोक्लोराइट १० ते १२ टक्क्यांचे असते. तेच कॅन बेकरीत गेले आणि त्याच चमच्याने मोजले तर मात्रा अडीच-तीन पट होते. त्यात फोटोवाले ज्याला 'हायपो' म्हणतात ती वस्तू भलतीच आहे. ती जंतू मारत नाही, उलट क्लोरीन नाहीसा करते. नावात एवढे साम्य असताना निव्वळ नावावर कसे जावे?

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. ब्लीच आणि अॅसिड एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात १९१५ साली शत्रूवर सोडण्यात आला होता. बंद मोरीत तो माणसाला गुदमरवतो. अमोनिया असलेल्या वस्तूतही ब्लीच मिसळू नये. दोन औषधे मिसळून तिसरे चांगले औषध होते, ही समजूत सोडून द्यावी.

कापड बाजारातील दोन औषधे

आपल्या धंद्यात तेलाचा डाग उडवण्याची पिचकारी सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात पूर्वी सर्रास कार्बन टेट्राक्लोराइड भरत. ते यकृत बिघडवते आणि आकाशातील ओझोनचा थरही पातळ करते, म्हणून १ जानेवारी २०१० पासून आपल्या देशात या कामासाठी त्याचा वापर बंद झाला. त्याच्या जागी ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रव्ये आली. परंतु हे द्रव्य माणसाला कर्करोग करते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली काढला. ही पिचकारी कापडावर मारतानाही खिडकी उघडी आणि पंखा बाहेर फेकणारा हवा. बेकरीच्या साच्यांवरील जळके तेल या पिचकारीने 'झटक्यात निघते' असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

दुसरे औषध ऑक्झॅलिक अॅसिड. गंजाचे डाग काढायला आपण ते ठेवतो. त्याचे पांढरे खडे शरबतात टाकायच्या सायट्रिक अॅसिडसारखे, म्हणजे लिंबाच्या फुलासारखेच दिसतात. पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे दोन्ही एका फळीवर कधीही नसावेत.

तेल कोणते, पिंप कोणते

कणीक मळण्याचे यंत्र अर्धे भांडे आणि अर्धे यंत्र असते. आपला नियम असा असावा. जेथे मैदा लागतो ती जागा भांड्याची, जेथे दाते आणि बेअरिंग ती यंत्राची, आणि या दोहोंच्या सीमेवर साधे लूम ऑइल घालायचे नाही. खाद्ययंत्रांसाठी वेगळे वंगण मिळते. त्यावर 'एच-१' अशी खूण असते, म्हणजे चुकून थेंब अन्नात गेला तरी अपाय होऊ नये असे ते बनवलेले असते. त्यालाही मर्यादा आहे. अमेरिकी नियमानुसार दहा लाख भाग अन्नात असे खनिज तेल १० भागांपेक्षा अधिक चालत नाही. 'एच-२' खूण असेल तर ते अन्नाचा स्पर्श न होणाऱ्या जागीच घालावे.

यंत्राचे तेल अन्नात गेल्याने काय होते याचा इतिहास आहे. १९५९ साली मोरोक्कोच्या मेकनेस शहरात व्यापाऱ्यांनी अमेरिकी विमानतळावरील शिल्लक इंजिन-तेल खाद्यतेलात मिसळून विकले. सुमारे १०,००० लोकांचे हातपाय लुळे पडले. त्यांत बहुतेक गरीब होते, कारण स्वस्त तेल गरिबानेच घेतले होते.

पिंपांची गोष्ट याहून जवळची. रंग-रसायनांची निळी प्लॅस्टिकची पिंपे भंगारवाल्याकडे मिळतात. लोक ती पाण्याला घेतात, लोणच्याला घेतात, लग्नात दही त्यांत ठेवतात. प्लॅस्टिक आत भरलेली वस्तू शोषून घेते आणि पुढे हळूहळू सोडत राहते. दहा वेळा धुतले तरी ते निघेल याचा भरवसा नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुले मरण पावली. तपासात तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. अशा विषाच्या रिकाम्या डब्यांचा पुन्हा वापर होऊ नये, हा धडा त्या वेळी जगाने घेतला. आपण घेतला का?

व्यापाऱ्याने काय करावे

अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि त्याखालील २०११ च्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे, की सफाईची रसायने अन्नापासून दूर, वेगळी आणि ओळखू येतील अशा डब्यांत ठेवावीत. हा नियम टपरीपासून मोठ्या हॉटेलापर्यंत सर्वांना आहे. परंतु दंडाच्या भीतीने करावे असे हे काम नाही.

माल खरेदी करताना सुटा घेऊ नये. सीलबंद, कंपनीचे नाव, टक्केवारी आणि तारीख छापलेला घ्यावा आणि पावती मागावी. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. डब्यावरचे बारीक इंग्रजी आम्हांला उशिराने वाचता आले आणि आमच्या पुष्कळ कामगारांना आजही येत नाही. म्हणून डबा दुकानात येताच त्यावर मोठ्या अक्षरांत उर्दूत, मराठीत, जी भाषा कामगार वाचतो तीत लिहावे: काय आहे, कशाला वापरायचे, कशाला नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तांबडा पट्टा यंत्राचा आणि हिरवा पट्टा भांड्यांचा. ब्रश आणि बादल्याही त्याच रंगांच्या. आणि खाण्याच्या वस्तूच्या रिकाम्या डब्यात रसायन कधीही भरू नये.

भांड्यात खार राहिला का, हे पाहायला आपल्या स्वयंपाकघरातच औषध आहे. शेवटच्या धुण्याचे पाणी कपात घ्यावे, दुसऱ्या कपात नळाचे पाणी घ्यावे आणि दोहोंत चिमूटभर हळद टाकावी. भांड्याचे पाणी लालसर झाले आणि नळाचे पिवळे राहिले, तर भांडे पुन्हा धुवावे.

कॉस्टिक किंवा अॅसिड अंगावर उडाले तर भिजलेला कपडा काढून वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे धरावे. डोळ्यांत गेले तरी तसेच. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट काहीही लावू नये. पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण जाताना जाळले ते येताना पुन्हा जाळते. डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

आपण भांडे पाक आहे का, याची बारकाईने चौकशी करतो, आणि ती केलीच पाहिजे. ते भांडे कशाने घासले, हेही त्याच काळजीने विचारले पाहिजे. गिऱ्हाईक आपल्या दुकानात बसून खातो तेव्हा तो डबे तपासायला आत येत नाही. तो आपल्यावर भरवसा ठेवतो.

तो मुलगा आता बाप्या माणूस झाला आहे. स्वतःची छोटी बेकरी चालवतो. गेल्या वर्षी आम्ही त्याच्याकडे खारी घ्यायला गेलो तेव्हा आत नजर गेली. फळीवर ओळीने डबे होते आणि प्रत्येकावर उर्दूत व मराठीत ठळक नाव. आम्ही काही बोललो नाही, तोही बोलला नाही. वाकड्या बोटांनी त्याने पुडी बांधून दिली. घरी येऊन आम्ही पेढीतले सगळे डबे पुन्हा एकदा तपासले. वाचकांनीही हा अंक बाजूला ठेवून आजच आपले डबे तपासावेत, एवढीच विनंती.